गच्चीवरचा रोजमेळ

नोकरदाराच्या निवृत्तीला तारीख असते. त्या दिवशी हार-तुरे होतात, शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरावा लागत नाही. व्यापाऱ्याच्या आयुष्यात अशी तारीख येत नाही. गादीवर बसलेला माणूस गादीवरून उठतो तो बहुधा दुखण्यानेच. म्हणूनच सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानाच्या मालकांनी, ज्यांना सारी पेठ आप्पा म्हणते त्यांनी, २०२० च्या दिवाळी पाडव्याला वह्यांचे पूजन आटोपताच तिजोरीच्या किल्ल्या पुतण्याच्या हाती ठेवल्या, तेव्हा पुतण्याला प्रथम त्यांच्या प्रकृतीचीच शंका आली. आप्पा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि धडधाकट होते. मुलगा पुण्यात सनदी लेखापाल. तो परत येऊन पोती मोजणार नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखले होते.

दुकान सोडणे सोपे गेले. घरी राहणे अवघड गेले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात पती-पत्नींनी एकमेकांना दिवसाउजेडी सलग असे कधी पाहिलेच नव्हते. आप्पा सकाळी मंदिरातून परस्पर दुकानात जात. दुपारचा डबा नोकर नेई. सूर्यास्ताआधी जेवायला येत आणि पुन्हा जमाखर्च पाहायला बसत. घर ही माईंची पेढी होती. तेथे आप्पा पाहुण्यासारखे येत आणि पाहुण्यासारखेच वागत. आता हा पाहुणा मुक्कामाला आला. पहिल्या महिन्यातच त्यांनी स्वयंपाकघरातील डबे मालाच्या आवकेप्रमाणे लावले, दूधवाल्याकडून पावती मागितली आणि भाजीच्या खर्चाचे सरासरी पत्रक तयार केले. माई काही बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात मात्र त्यांनी एवढेच म्हटले, “अहो, तुमची गादी इथं नाही. वर गच्चीवर जागा आहे.”

गच्चीवर तेव्हा माईंच्या बागेचे दुसरे वर्ष चालू होते. त्या बागेची सुरुवात पुरापासून आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. जुन्या पेठेतील त्यांच्या घराचा तळमजला दारांच्या चौकटींपर्यंत बुडाला. पाणी आठवडाभर हलले नाही. घरामागे माईंच्या सासूबाईंच्या हातचा पारिजातक होता, कढीपत्ता होता, मोगऱ्याचे तीन वेल होते. झाडाच्या मुळांनाही श्वास लागतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात आणि कुजतात. पूर ओसरल्यावर पाने काही दिवस हिरवी दिसली, म्हणून माईंना आशा वाटली. पंधरा दिवसांत सारे वाळले. नारळ तेवढा राहिला.

पण त्या पुरात माईंचे जे गेले, ते झाडांहून निराळे होते. पाचव्या दिवशी सुटकेची नाव पहिल्या मजल्याच्या सज्ज्याला येऊन लागली. कठड्यावरून पाय टाकून दोन-अडीच फूट खाली उतरायचे होते. माईंचे वय अठ्ठावन्न. त्यांना पाय उचलता येईना. गुडघे दुखत होते असे नव्हे; मांडीत तेवढे बळच उरले नव्हते. शेवटी दोघा तरुणांनी त्यांना काखेत धरून, लहान मुलाला उतरवावे तसे नावेत उतरवले. आसपासच्या सज्ज्यांतून सारी गल्ली पाहत होती. तरुणांनी ते अत्यंत आदराने केले. माईंनी त्यांना हात जोडले आणि मग मिरजेतील नातेवाइकांच्या घरी पोचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

घर धुऊन निघाल्यावर, गाळ उपसून झाल्यावर, दिवाळीच्या आधी त्या भाचीला बरोबर घेऊन व्यायामशाळेत गेल्या. आप्पांना हे आठ दिवसांनी कळले.

व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी त्यांना खुर्चीवर बसवले, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते मोजले. साठीच्या आसपासच्या स्त्रीला किमान बारा वेळा जमावे, असा संकेत आहे. माईंना सात वेळा जमले. आठव्यांदा त्या उठल्या त्या हातांच्या आधाराने, म्हणून ते धरले नाही. हा आकडा त्यांनी घरी येऊन एका वहीत लिहिला. वही दुकानाचीच होती, लाल कापडी बांधणीची, पुराच्या पाण्यातून कडेने पिवळी पडून वाचलेली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सात हा आकडा कोणत्या बाजूला लिहावा, याचा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी तो जमेकडे लिहिला.

स्नायूंचा हिशेब व्यापाऱ्याला लवकर समजतो. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वाढते. मुद्दल खात बसल्यासारखाच हा प्रकार. मात्र बुडीत पेढीला जे भाग्य क्वचित लाभते ते स्नायूंना लाभते: भरणा कोणत्याही वयात स्वीकारला जातो. १९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या एका वृद्धनिवासात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींत पासष्टीपुढील माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या चालण्यासारख्या हालचालीबरोबर दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे सकाळी बागेत फेऱ्या मारल्या की कर्तव्य संपले असे मानतात. चालणे चांगलेच, पण चालण्याने कठड्यावरून पाय पलीकडे जात नाही.

प्रशिक्षक चोवीस-पंचवीस वर्षांचा, मनाचा चांगला, पण त्याच्या पुस्तकातला आहार आणि माईंचा आहार यांचा मेळ बसेना. अंड्यांचा विषय पहिल्याच वाक्यात संपला. पहाटे साडेपाचला या, वाटेत पाणी पीत या, असे तो म्हणाला. माई सूर्योदयानंतर दोन घटका लोटल्याखेरीज पाणी घेत नाहीत. म्हणजे व्यायामाची वेळ साडेआठ ठरली. रात्री झोपण्यापूर्वी दूध घ्या, तेही नाही. मग मुगाच्या डाळीची कोशिंबीर दह्यात कालवून खा. माईंनी त्याला द्विदल म्हणजे काय ते समजावून सांगितले. कच्च्या दह्याशी डाळीची जात चालत नाही, वेगवेगळ्या वेळी दोन्ही चालतात. मुलाने डोके खाजवले आणि सगळे लिहून घेतले. पुढे त्याने सांगितले की आणखी चार जैन गृहिणींना तो आता हेच पत्रक देतो.

प्रथिनांचा प्रश्न अखेर माईंनी स्वतःच सोडवला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मानानुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. उतारवयात एक ग्रॅमपर्यंत असावीत, असे बरेच तज्ज्ञ म्हणतात. माईंचे वजन अठ्ठावन्न किलो, म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅम. शंभर ग्रॅम मुगाच्या डाळीत चोवीसच्या आसपास, शेंगदाण्यात पंचवीस, घरच्या लिंबाच्या पनीरमध्ये अठरा. त्यांनी दिवसभराच्या ताटाची बेरीज केली तेव्हा ती चौतीस निघाली. म्हणजे चाळीस वर्षे त्या घरातील सर्वांना वाढून, उरलेल्या आमटीवर जेवत आल्या होत्या, ही गोष्ट प्रथमच आकड्यात दिसली. ते पान आप्पांनी पुढे बऱ्याच दिवसांनी पाहिले. पाहून वही मिटली आणि त्या संध्याकाळी ताटे वाढायला ते उठले. तेव्हापासून वाढण्याचे काम त्यांच्याकडे आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि व्यायामशाळा बंद पडली. माईंनी घरातच पिशव्यांत हळकुंडे भरून एक, दोन, पाच किलोंची वजने केली. हळदीच्या अडत्याच्या घरी दुसरे काय मिळणार? त्याच काळात गच्चीवरच्या बागेनेही जोर धरला.

बाग वर नेताना आप्पांचा विरोध पैशांसाठी नव्हता, भारासाठी होता, आणि तो योग्य होता. वावर असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोंचा जादा भार धरून बांधतात. ओल्या मातीचा घनमीटर सतराशे किलोंच्या घरात जातो. म्हणजे सहा इंचांचा मातीचा थर सगळीकडे पसरला तर अडीचशे किलो होतात. हौशी लोक वाफे बांधतात आणि दोन पावसाळ्यांत खालच्या खोलीला ओल धरते, ती याच अज्ञानामुळे. अभियंत्याला बोलावून तुळया कोठून गेल्या आहेत ते पाहिले आणि त्यांच्यावर, कठड्याच्या कडेने, तेवढ्या कुंड्या मांडल्या. मातीत निम्म्याहून अधिक नारळाचा भुसा आणि सुका पालापाचोळा. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी. दोडका, घोसाळे, कारले, वाल, गवार, मिरची, टोमॅटो. कढीपत्ता नव्याने लावला. मोगरा दोन कुंड्यांत. आणि पारिजातक मोठ्या पिंपात, कारण माईंना तो हवाच होता. त्या फूल तोडत नाहीत. पहाटे झाडाखाली धुतलेले पांढरे कापड अंथरतात आणि जे आपणहून पडते ते उचलतात.

बटाटा, रताळे, मुळा, गाजर यांचा प्रश्नच नव्हता. हळदीचा मात्र एकदा आला. शेजारच्या मुलीने विचारले, “काकी, हळदीचा एवढा व्यापार, मग एक कुंडी हळद का नाही लावत?” ओली हळद कंद, वाळलेली चालते, जमिनीतून उपटायचा तो जीव आपल्या हाताने नको. मुलगी म्हणाली, मग दुकानात येते ती कोणी उपटलेली असते? आप्पा तेथेच होते. ते बराच वेळ गप्प राहिले. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. शास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत आणि संकल्पी तेवढी पूर्णपणे टाळायला सांगितली आहे. बाकीच्या तिन्हींत यत्न आणि विवेक. हे उत्तर बरोबर आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला देताना ते जरा लांबलचक होते, एवढे खरे.

तोच विवेक कुंडीकुंडीला कसाला लागतो. फळमाशी कारल्याच्या कोवळ्या फळात अंडी घालते आणि फळ आतून सडते. बाजारात कामगंधाचे सापळे मिळतात; माशीचे नर त्यात येऊन मरतात. शेतकऱ्याला ते स्वस्त आणि सोयीचे आहेत. माईंनी जुन्या सुती साड्यांच्या वीतभर पिशव्या शिवल्या आणि कारले बोटाएवढे झाले की त्याला पिशवी बांधू लागल्या. माशीला फळ सापडत नाही, तिला मारावे लागत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा दोघांत खरा मतभेद झाला. आप्पा म्हणाले निंबोळी अर्क फवारू, सेंद्रियच तर आहे. माई म्हणाल्या, सेंद्रिय विषाने मरणाऱ्याला त्याचे काय? पाण्याची धार मारून पाहिली; मुंग्या ते किडे उचलून पुन्हा वर आणत. शेवटी जास्वंद गच्चीवरून काढून नदीकाठच्या एका रिकाम्या जागेत नेऊन लावली. हा उपाय झाला की नुसती बदली, यावर जाणकारांनी मत द्यावे. गच्चीवर आज जास्वंद नाही, एवढे निश्चित.

खताचाही तोच पेच. ओला कचरा कुजवायचा म्हणजे असंख्य जीव जन्माला घालायचे आणि रोज उकरायचे. गांडूळखताची पेटी कोणीतरी भेट दिली होती, ती तशीच परत गेली. माई फक्त वाळलेला पाला मातीवर आच्छादन म्हणून पसरतात. तो आपल्या गतीने मातीत मिसळतो. त्यांचे दोडके त्यामुळे शेजाऱ्यांच्या दोडक्यांपेक्षा लहान असतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणून मेथी आणि पालक पेरायचा तो कार्तिकी पौर्णिमेला हाताशी येईल अशा बेताने. हे वेळापत्रक आता आप्पांकडे आहे. माल बाजारात केव्हा आणावा हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी वेल फुलांनी भरला आणि फळ एकही नाही. एवढ्या उंचीवर त्या वेळी मधमाशा फिरकत नव्हत्या. मग माईंनी त्यांना नरफूल आणि मादीफूल ओळखायला शिकवले: मादीफुलाच्या मागे देठाशी इवलासा दोडका आधीच असतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असते, बाहेर संधिप्रकाश असतो, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षे हळदीच्या लिलावात बोली लावली तो हातात बारीक कुंचला घेऊन एका पिवळ्या फुलातील पराग दुसऱ्या फुलावर टेकवीत असतो. चौविहार पाळणाऱ्या घरांत संध्याकाळ फार लांब होते, अशी तरुणांची तक्रार असते. या घरात तरी ती आता लांब होत नाही.

आप्पा व्यायामशाळेत गेले ते मात्र बऱ्याच आढेवेढ्यांनंतर. पैसे देऊन वजन उचलायचे ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटे. “आमच्या यार्डात पैसे घेऊन उचलतात,” ते म्हणत. त्यावर माईंनी त्यांना एक प्रश्न विचारला: दुकानातले हमाल साठीला कसे दिसतात? पन्नास-साठ किलोंचे पोते दिवसात किती वेळा पाठीवर घेतात, मध्ये विसावा किती, आणि दुपारी खातात काय? वजन तेच असते. व्यायामशाळेत ते हळूहळू वाढवतात, मध्ये एक दिवसाची सुट्टी असते, नंतर पोटभर जेवण असते. हमालाला यातले काहीच नाही, म्हणून एकाचे गुडघे सुधारतात आणि दुसऱ्याचे जातात. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्याने मजुरीला आणि भविष्य निर्वाह निधीला शिस्त आली. गुडघ्यांचे काय करायचे हे कायद्यात नव्हते. आप्पांनी दुसऱ्या दिवशी पुतण्याला फोन करून दुकानात दोन ढकलगाड्या घ्यायला लावल्या आणि त्याच आठवड्यात स्वतः व्यायामशाळेत नाव घातले. दोन्ही गोष्टींचा खर्च त्यांनी एकाच पानावर लिहिला आहे.

आज माई पंचवीस किलो वजन जमिनीवरून कमरेपर्यंत उचलतात. खुर्चीची परीक्षा पंधरावर गेली आहे. आप्पांचा आकडा चौदा आहे, आणि हा एक आकड्याचा फरक घरात अधूनमधून निघतो.

पुराने आणखी एक गोष्ट वर आणली होती. तळमजल्याच्या माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेल्या आप्पांच्या आजोबांच्या वह्या होत्या. खालची रांग भिजून लगदा झाली, वरच्या अकरा वह्या वाचल्या. त्या मोडीत होत्या आणि घरात कोणालाही वाचता येत नव्हत्या. आप्पांनी मोडी शिकायचे ठरवले. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरामागून अक्षर. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत मोकळी जागा नाही. एका निवृत्त शिक्षकांकडे आठवड्यातून दोनदा जाऊन दीड वर्षात त्यांना आजोबांचे अक्षर लागू लागले. त्यांचा हा छंद वयाला साजेसा आहे असे सगळे म्हणतात. माईंच्या वजनांबद्दल तसे कोणी म्हणत नाही.

वह्यांतून जुनी पेठ उभी राहिली. हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या हळदीची पोती, पेवाचे भाडे, पोत्यामागे कापलेला धर्मादाय, पांजरपोळाला गेलेली रक्कम, मुनिमहाराजांच्या विहाराच्या वेळचा खर्च. पैन् पै लागलेली. रोज दुपारी आप्पा एक पान वाचून दाखवीत आणि माई वाल सोलत ऐकत. सातव्या वहीपर्यंत आल्यावर माईंनी विचारले, “यात सासूबाईंच्या सासूबाईंचं नाव कुठं आलं का?” आप्पांनी मागे जाऊन शोधले. बैलांची नावे होती. एका घोडीचे होते. आजींचे नाव दोनदा होते: एकदा लग्नाच्या खर्चात, एकदा अंत्यविधीच्या. मधल्या चौतीस वर्षांत ‘घरखर्च’ एवढेच. ती बाई रोज किती माणसांचा स्वयंपाक करीत होती, हळद शिजवायच्या हंगामात किती मजुरांना वाढीत होती, पाणी गाळून उरलेली जिवाणी दोन वेळा विहिरीत पोचवीत होती, याची जमा कोणत्याही बाजूला नाही.

आप्पा त्या दिवशी पुढचे पान वाचू शकले नाहीत. ते उठले आणि माईंची लाल वही घेऊन आले. गेल्या वर्षीचे त्यांनीच केलेले पत्रक तीत होते: बागेचा खर्च अकरा हजार चारशे, भाजीचे बाजारभावाने मूल्य सहा हजार आठशे पन्नास, तोटा चार हजार पाचशे पन्नास. त्याखाली माईंच्या अक्षरात तेव्हाच लिहिलेले होते: ‘पुढील पानावर नेले.’ ही ओळ आप्पांनी पूर्वी पाहिली होती आणि बायकांचा भाबडेपणा म्हणून हसून सोडली होती. हिशेबाच्या दृष्टीने ती अगदी बिनचूक होती. चालू खाते वर्षअखेरीस बंद होत नाही. त्यांनी पान उलटले, वरच्या ओळीत तारीख घातली आणि खाते कोणाचे, त्या जागी माईंचे पूर्ण नाव लिहिले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी ते नाव बँकेच्या फॉर्मखेरीज कोठे लिहिले नसावे.

जुलै २०२१ च्या अखेरीस पुन्हा पाणी चढले. या वेळी त्यांनी नावेची वाट पाहिली नाही. पाणी पेठेत शिरण्याच्या आदल्या दिवशीच, पावसात, दोघे घराबाहेर पडले. अकरा मोडी वह्या आप्पांच्या पाठीवर होत्या, औषधे आणि कागदपत्रे माईंच्या हातातील पिशवीत. गल्लीच्या तोंडाशी एका म्हातारबुवांना रिक्षात चढवायचे होते. एका बाजूने त्यांचा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूने हात लावायला कोणी नव्हते. माईंनी पिशवी आप्पांकडे दिली आणि त्यांना काखेत धरून वर घेतले.

मुलाचा आग्रह तेव्हापासून वाढला आहे. पुण्यात त्याच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एक घर विकाऊ आहे. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेला माळी आहे, व्यायामशाळाही आहे. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. कृष्णा दर दोन-तीन वर्षांनी दाराशी येणार असेल तर त्या दारामागे साठीच्या पुढच्या दोन माणसांनी का राहावे, याला व्यवहारी उत्तर नाही, आणि आप्पा व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांनी दोन्ही घरांचा तुलनात्मक तक्ता केला आहे. त्यात पुण्याची बाजू जड आहे. माईंनी तो वाचून दोनच गोष्टी विचारल्या: बाल्कनीला ऊन किती तास असते, आणि मंदिर किती अंतरावर आहे. मुलगा म्हणाला, बाल्कनी पाच बाय आठची आहे, ऊन सकाळी दीड तास. मंदिर गाडीने वीस मिनिटे. माईंनी हे आकडेही वहीत टिपून ठेवले आहेत. कोणत्याही बाजूला ओढलेले नाहीत.

या जुलैतही आयर्विन पुलाच्या पातळीचे आकडे सकाळ-संध्याकाळ घरात वाचले जात आहेत. दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली आहे. माईंनी तिचे वजन केले, बारा किलो भरले. गच्चीवर दोडक्याचा वेल तारेच्या टोकापर्यंत पोचला आहे आणि त्याला आणखी दोन हात तार हवी आहे. आप्पा पक्कड शोधत आहेत.